नेम, शिस्त आणि बाईमाणूस

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील महिला गटांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या मेळाव्यात मुलींच्या रायफल प्रशिक्षणावर मी बोलावं, असं संयोजक मैत्रिणींनी सुचवलं. त्याला दोन कारणं आहेत. आपल्या मुलींसाठी असा वर्ग भरवावा, ही सूचना दोन्ही तालुक्यांतल्या काही गटांकडून आली आहे आणि आज संध्याकाळच्या चर्चेत आपल्याला त्यावर निर्णय घ्यायचा आहे. दुसरं कारण म्हणजे गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः दौंडला असा दहा दिवसांचा वर्ग पूर्ण केला. बंदूक मला नवी नव्हती. वर्ग मात्र आयुष्यातला पहिलाच होता. त्या दहा दिवसांत काय शिकले, आणि आपल्या कामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, एवढंच आज मांडणार आहे.

आधी बंदूक नवी का नव्हती ते सांगते. माझं माहेर शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठाचं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरायचे. आजी माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. पुढे घरात छर्‍यांची बंदूक आली. ती आणली भावासाठी. पण भाऊ शाळेत आणि राखण माझ्याकडे, म्हणून ती माझ्या हातात आली. पाखरू मारायचं नाही, हा आजीचा कडक नियम होता. बांधावरच्या बाभळींना तेलाचे रिकामे डबे टांगलेले असत. छर्रा लागून डबा वाजला की थवा उठायचा. या बाभळीवरून त्या बाभळीवर, वारा असो नसो, डबा वाजलाच पाहिजे. असं मी दहा-बारा वर्षं केलं. लग्नानंतरही माहेरी गेले की करत होते. जत्रेतला फुगेवाला मला तिसरी खेळी द्यायचा नाही. घरात मात्र कौतुक व्हायचं ते असं: "पोरीला सवय आहे."

या 'सवय' शब्दाकडे जरा नीट बघू या. बाईला जे येतं त्याला आपल्याकडे सवय म्हणतात. घरी रोज वीस माणसांचा स्वयंपाक करते तिला सवय असते. तोच स्वयंपाक पुरुषाने लग्नात केला की तो आचारी होतो, मजुरी ठरवून घेतो. सुईणीला सवय असते. बियाणं निवडून राखेत घालून ठेवणारीला सवय असते. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा हे फार जाणवलं. दोन वर्षं शिकून माझ्या हातात कागद आला. ज्या मावशींच्या हाताखाली मी वस्तीत काम शिकले, त्यांनी वीस वर्षं लोकांचे संसार सावरले, रात्री-अपरात्री बायकांना पोलीस ठाण्यात सोबत केली. त्यांच्या हातात कागद नाही, म्हणून सरकारी बैठकीत त्यांना खुर्चीही नाही.

दौंडच्या वर्गात पहिल्याच दिवशी याचा प्रत्यय आला. आम्ही बावीस जण होतो, त्यांत पाच बाया. नावनोंदणीच्या फॉर्मवर 'पूर्वानुभव' असा रकाना होता. पुरुषांना विचारून भरला जात होता. एकाने सांगितलं, "आजोबांकडे बंदूक होती." त्याचा अनुभव 'आहे' असा लागला. आम्हा पाचही जणींच्या रकान्यात न विचारताच 'नाही' लिहिलेलं होतं. मी तो बदलून घेतला. माझ्या शेजारची मुलगी कॉलेजात एनसीसीत होती, शिबिरात पॉइंट टू टू रायफल चालवून आलेली. तिचाही बदलून घेतला. गोष्ट लहान आहे, पण अशा लहान रकान्यांतूनच बाईचं येणं 'न येणं' होत जातं.

आता वर्गाविषयी. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाची ठाणी असल्यामुळे कवायत, परेड, फायरिंग हे शब्द तिथे घरोघरी ठाऊक आहेत. आमचे प्रशिक्षकही पोलीस दलातून निवृत्त झालेले. एका शाळेच्या हॉलमध्ये दहा मीटरवर लक्ष्यं लावलेली, आणि शिकवायची ती एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबावर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सोडणारी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार या व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. म्हणून गावपातळीवर वर्ग भरवायचा तर तो हाच.

पहिला दिवस संपला तरी एकही छर्रा सुटला नाही. सरांनी चार गोष्टी पाठ करून घेतल्या. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. जिच्यावर छर्रा सोडायचा नाही तिच्याकडे नळी वळवायची नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट घोड्यावर न्यायचं नाही. आणि लक्ष्य कोणतं, त्याच्या मागे काय आहे, हे पाहिल्याशिवाय चाप ओढायचा नाही. रायफल खाली ठेवली की नळीतून रंगीत दोरी आरपार घालायची, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. 'थांबा' असा हुकूम झाला की सगळे थांबणार, मग तुम्ही कितीही तयारीचे असा.

बाभळीवरचे डबे वाजवणारीला हे सगळं नवं होतं. शेतात कुणी 'थांबा' म्हणत नाही. तिथे डबा वाजला की काम झालं. इथे छर्रा कुठे लागला याआधी तो कसा सुटला हे बघतात. दुसर्‍या दिवसापासून उभं राहणं शिकवलं. घरी मी हाताच्या जोरावर बंदूक पेलायची आणि एक डोळा मिटायची. वर्गात सांगितलं, वजन स्नायूंवर घ्यायचं नाही, हाडांवर घ्यायचं. डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलं की रायफल हातात राहत नाही, अंगावर विसावते. दोन्ही डोळे उघडे. नको त्या डोळ्यापुढे फक्त एक पट्टी. श्वास कोंडून धरायचा नाही. सोडायचा, आणि पुढचा घेण्याआधी जो क्षणभराचा विसावा असतो, त्यात चाप हळूहळू दाबत न्यायचा. छर्रा सुटल्यावरही लगेच मान वर करायची नाही.

सगळ्यांत मोलाची वाटली ती एक साधी तपासणी. रायफल लक्ष्यावर धरायची, डोळे मिटायचे, एक-दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून बघायचं, नळी कुठे गेली आहे. बाजूला गेली असेल तर हातांनी ओढून आणायची नाही. पाय सरकवायचे. हातांनी ओढून धरलेला नेम साठ वेळा टिकत नाही, पायांतून आलेला टिकतो.

मी मुद्दाम साठ म्हटलं. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत साठ छर्रे सोडावे लागतात. मधल्या दहाच्या गुणाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या डोक्याहून लहान. २०१७ सालापर्यंत पुरुषांसाठी साठ आणि बायकांसाठी चाळीस असा नियम होता. २०१८ पासून दोघांना साठ झाले. बायकांना वीस कमी का, याचं पटण्यासारखं उत्तर कुणापाशी नव्हतं. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये रायफलची स्पर्धा स्त्री-पुरुषांची एकत्र होती. अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बॅशम यांचे गुण सारखे झाले. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण बॅशमना मिळालं. बक्षीस देताना त्यांनी मर्डॉकना वरच्या पायरीवर आपल्या शेजारी ओढून घेतलं. १९९२ साली बार्सिलोनाला चीनच्या झांग शानने स्कीट या प्रकारात पुरुषांसकट सगळ्यांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं, आणि १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये तो प्रकार फक्त पुरुषांसाठी ठेवला गेला. बायकांचा वेगळा स्कीट यायला २००० साल उजाडलं. जिंकलेल्या बाईला पुढच्या खेपेला दारच बंद, हे आपण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बघतो तसं तिथेही झालं.

आपल्या महाराष्ट्राने या खेळात मोठ्या बाया दिल्या. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतून नेमबाजीत आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक आणलं. त्याला घडवणार्‍या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या स्वतः २००४ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. पुरुषाला नेम शिकवणारी बाई, हे चित्र आपल्या मुलींनी मुद्दाम बघावं.

फौजेच्या आणि पोलिसांच्या बोलीत नेम धरण्याला 'शिस्त घेणे' म्हणतात. सरांनी पहिल्यांदा "शिस्त घ्या" म्हटलं तेव्हा आम्ही सगळ्याजणी ओढण्या सावरून ताठ उभ्या राहिलो. मग हसू फुटलं. पण त्या शब्दाचे दोन्ही अर्थ तिथे एकत्र शिकायला मिळाले. नेम माझ्याजवळ होता. शिस्त वर्गाने दिली. आणि ही शिस्त, मैत्रिणींनो, आपल्या कामात कशी उपयोगी पडली ते आता सांगते. माझ्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

समुपदेशनासाठी माझ्याकडे एक बाई येत असत. ओळख पटेल असं काही सांगत नाही. त्यांच्या नवर्‍याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक. त्याने ती बायकोवर कधी रोखली नाही. फक्त भांडण झालं की तो बंदूक काढायचा, ओसरीवर बसायचा आणि पुसत राहायचा. बोलायचा काही नाही. त्या आत स्वयंपाकघरात भाकर्‍या थापत असायच्या. त्यांनी गावातल्या कुणाकडून तक्रारअर्ज लिहून घेतला होता. त्यात 'नवरा बंदुकीचा धाक दाखवतो' एवढंच होतं. पोलीस ठाण्यात त्यांना विचारलं गेलं, "रोखली का? नाही ना? मग बंदूक पुसणं हा गुन्हा आहे का?" बाई गप्प होऊन परत आल्या.

वर्ग झाल्यावर मी त्यांना वेगळे प्रश्न विचारू शकले. पुसताना बंदूक मधून उघडलेली असते का मिटलेली? काडतुसं कुठे असतात? नळीचं तोंड कुठल्या बाजूला असतं? उत्तरं आली ती अशी: बंदूक मिटलेली, काडतुसं शेजारी बाजेवर मांडलेली, आणि नळीचं तोंड दरवेळी स्वयंपाकघराच्या दाराकडे. बंदूक साफ करण्याची रीत पहिल्या दिवशी शिकणार्‍यालाही ठाऊक असते: आधी रिकामी करायची, उघडून खात्री करायची, काडतुसं दुसर्‍या खोलीत ठेवायची, नळी माणसांपासून दूर. म्हणजे हा माणूस बंदूक साफ करतच नव्हता. तो धमकी देत होता. ती धमकी ओळखायला बंदुकीची रीत माहीत असावी लागते. आम्ही अर्ज नव्याने लिहिला, तारखा घातल्या, नळीची दिशा लिहिली, काडतुसांची जागा लिहिली. या वेळी कुणी हसलं नाही.

कायद्यात याला जागा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात धमकीही हिंसाच मानली आहे. त्या कायद्याखालच्या २००६ च्या नियमांप्रमाणे हिंसाचारात वापरलेलं शस्त्र पोलिसांनी जप्त करावं यासाठी दंडाधिकारी संरक्षण अधिकार्‍याला मदतीचा आदेश देऊ शकतात. आपल्याकडे ग्रामीण भागात शस्त्राचा परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. सार्वजनिक सुरक्षिततेला धोका असेल तर तो निलंबित किंवा रद्दही करता येतो. त्या बाईंच्या घरातली बंदूक आता पोलीस ठाण्यात जमा आहे. संसाराचं काय करायचं ते त्या ठरवतील, पण आता त्या ओसरीकडे न बघता ठरवतील.

दर निवडणुकीत आचारसंहिता लागली की छाननी समिती बसते आणि धोका वाटेल त्या परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. मतदान शांततेत व्हावं म्हणून हे होतं, आणि त्यात कुणाला आपला अपमान वाटत नाही. मतदानाची शांतता महिनाभर जपायची, आणि घरातल्या बाईची शांतता बारा महिने कुणी जपायची? छाननी समितीपुढे कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी का ठेवल्या जात नाहीत, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आणि विचारताना समोरच्याने "ताई, तुम्हाला बंदुकीतलं काय कळतं" असं म्हटलं, तर आपल्यापैकी चार जणी तरी अशा असाव्यात की ज्यांना कळतं.

आता बिबट्याचा विषय. तो टाळून शिरूर तालुक्यात बोलताच येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात सुमारे तीन आठवड्यांत तीन जीव गेले: एक लहान मुलगी, एक वृद्ध बाई आणि एक शाळकरी मुलगा. लोक रस्त्यावर उतरले, आणि वनखात्याच्या पथकातल्या नेमबाजांनी बिबट्याला गोळी घातली. तेव्हापासून गावागावांत 'आम्हालाही बंदुका द्या' हे ऐकू येतं. भीती खरी आहे. पहाटे उसाच्या कडेने परसाकडे जाणार्‍या, रात्री पाणी धरणार्‍या बाईला ती कुणाहून जास्त माहीत आहे. पण वर्गातला चौथा नियम आठवा: लक्ष्याच्या मागे काय आहे? आपल्याकडे लक्ष्याच्या मागे ऊस आहे आणि उसात माणसं आहेत. ऊसतोडणीच्या टोळ्या आहेत, त्यांच्या कोप्या आहेत, कोपीत झोळीतली लेकरं आहेत. पॉइंट टू टू ही रायफलींतली लहान गोळी, तीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. अंधारात, घाबरलेल्या माणसाच्या हातून, पाचटाच्या आवाजावर ती सुटली तर काय होईल याचा हिशेब कुणी मांडत नाही. बिबट्या कायद्याने संरक्षित आहे. त्याला मारायचं की नाही हे वनखात्याने ठरवायचं आहे. आपण मागायचं ते दिवसा वीज, घरापाशी संडास, वस्तीपर्यंत दिवे आणि शाळेपर्यंत गाडी. या मागण्या बायकांनी केल्या तर त्यांना 'किरकोळ' म्हणतात. किरकोळ असत्या तर आतापर्यंत पुर्‍या झाल्या असत्या.

मग मुलींना रायफल शिकवायची की नाही? माझं मत शिकवावी, असं आहे. पण कशासाठी, हे स्वच्छ सांगून. छेड काढणार्‍याचा बंदोबस्त म्हणून नव्हे. एसटीत, कॉलेजच्या वाटेवर, रांजणगावच्या कारखान्यात पाळीला जाताना कुणी रायफल घेऊन फिरणार नाही, आणि फिरूही नये. बाईवर हात उगारणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो. त्याच्यापुढे लागतो तो कायदा, संघटना आणि माघारी जाता येईल असं एखादं दार. पोलीस भरतीसाठी म्हणाल, तर भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो; रायफल निवड झाल्यानंतर शिकवतात. १९९४ च्या महिला धोरणामुळे सरकारी नोकर्‍यांत ३० टक्के जागा आल्या, त्यांच्यासाठी आपल्या मुलींना आधी पळायला मैदान आणि सकाळी घरकामातून दोन तास सुट्टी मिळवून द्यावी लागेल. खेळ म्हणून जिला पुढे जायचं आहे तिने जरूर जावं. मात्र स्पर्धेच्या रायफलची किंमत लाखांत असते, म्हणून संस्थेने ती सामाईक घ्यायला हवी, हेही आधीच सांगितलेलं बरं.

मुलींना शिकवायचं ते शस्त्राची भीती आणि शस्त्राचा दिमाख, दोन्ही जावेत म्हणून. बंदूक हे लोखंडाचं आणि लाकडाचं यंत्र आहे. ते कसं चालतं, कसं रिकामं करतात, कुठे ठेवतात, हे ज्या घरातल्या बाईला माहीत आहे त्या घरात त्याचं भूत होत नाही. आजवर हे ज्ञान पुरुषांच्या ओसरीवर राहिलं, म्हणून ते धाक म्हणून वापरता आलं.

म्हणून चर्चेसाठी तीन ठराव मांडते. एक, वर्ग एअर रायफलचा असावा, त्यात मुलींबरोबर निम्म्या जागा तिशी-चाळिशीच्या कार्यकर्त्यांना असाव्यात, आणि वर्गाचा एक दिवस शस्त्र कायदा व कौटुंबिक हिंसाचार कायदा यांना द्यावा. दोन, नावनोंदणीच्या फॉर्मवर 'पूर्वानुभव' हा रकाना प्रत्येकीला विचारूनच भरावा. गोफण चालवलेलीला तोही अनुभव म्हणून लिहावा. तीन, घरात परवान्याचं शस्त्र आहे आणि हिंसाचाराची तक्रारही आहे, अशा प्रकरणांची यादी दोन्ही तालुक्यांच्या गटांनी नावं गुप्त ठेवून तयार करावी आणि शिष्टमंडळाने ती जिल्हाधिकार्‍यांकडे घेऊन जावी.

तिसर्‍या ठरावाला वेळ लागेल, विरोधही होईल. ज्यांच्या भिंतीवर बंदुका आहेत ते गावातले वजनदार लोक आहेत, काहींच्या घरी आपण हळदीकुंकवालाही जातो. त्यामुळे आत्ता हात वर करताना विचार करून करा. एकदा वर केलेला हात मात्र खाली घेऊ नका.